वहीबाहेरची लेक

श्रीगजाननास वंदन असो. जिच्या उदरातून हे सारे चराचर प्रकट झाले, त्या जगन्मातेच्या चरणी मस्तक ठेवून मी ही आठवण लिहावयास घेतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील ज्या भगिनींनी माता-बालकांच्या आरोग्याचे काम माझ्यासोबत केले, त्या येत्या मार्गशीर्षात पुन्हा एकदा एकत्र जमणार आहेत. त्या दिवशी वाचण्यासाठी गुरुजींनी काही लिहून द्यावे, असा त्यांचा निरोप आला आहे. गौरवाचे चार शब्द लिहून देणे सोपे होते. परंतु लेखणी हाती घेतली की मला वैशाखातला एकच दिवस आठवतो. त्या दिवसात माझा गौरव कोठेही नाही, माझी चूक मात्र आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो. बारामतीतील एका संस्थेच्या डॉक्टरीणबाई एके सकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, की गावातली माणसे आमचे सारे ऐकून घेतात आणि शेवटी आपलेच करतात, तुमचे ऐकतील. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. बारशाला नाव कोणत्या अक्षरावरून ठेवावे, लेकीला माहेरी कधी आणावे, हे विचारायला दोन्ही तालुक्यांतील माणसे माझ्याकडे येत. काम संयोजनाचे होते. ते मी स्वीकारल्याचे ऐकून आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आजवर शब्द चालवलेत, आता बाळंतपणं चालवा."

प्रत्येक गावात आम्ही एक आरोग्यताई नेमली होती. तिने घरोघर जावे, कोणाला दिवस गेले आहेत ते टिपावे, लोहाच्या गोळ्या द्याव्यात, धनुर्वाताची लस चुकू देऊ नये, तान्ह्या बाळांना झोळीच्या काट्यावर तोलावे, असे ते काम. संस्थेच्या सिस्टर पाळीपाळीने गावे फिरत आणि रक्तदाब तपासत. महिन्यातून एकदा साऱ्या ताया आपापल्या वह्या घेऊन बारामतीस येत आणि मी ओळीने एकेक नाव वाचून घेई.

त्या वहीची आखणी माझी होती, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. लाल शाईची समासरेषा, वर 'श्री', पहिल्या रकान्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, त्यापुढे त्या घरातील सुना. वंशावळ जशी लिहितात तशी मी ती योजली होती. कन्यादानानंतर मुलीचे गोत्र बदलते, ती पतीच्या कुळाची होते, तेव्हा तिची नोंद सासरच्या गावी. हे मला इतके स्वयंसिद्ध वाटले होते की त्याविषयी मी कोणाशी चर्चासुद्धा केली नाही. तायांना मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले की गावात आलेल्या सुना तेवढ्या लिहायच्या. एकीने विचारलेही होते, की गुरुजी, लेकींचं काय? मी उत्तर दिले होते, की त्या आपल्या सासरच्या वहीत येतीलच. प्रश्न बाळबोध आहे असे मला त्या वेळी वाटले होते.

आणि या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी पाठवण्याचा दिवस लोक मलाच तर विचारत.

वैशाखातील त्या बैठकीत लोणी भापकरच्या ताईची वही माझ्यापुढे होती. एका नावाशी ती समाधानाने म्हणाली, "ही माहेरी गेली, गुरुजी." मी नेहमीप्रमाणे खूण केली. आमच्या रीतीत 'माहेरी गेली' याचा अर्थ ती ओळ पूर्ण झाली असा होता. मी पुढच्या नावाकडे वळलो. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. एरवी त्या असे कधी करत नसत.

"हिच्या पायांना सूज होती," त्या म्हणाल्या. "बी.पी. चढत चाललं होतं. दर आठवड्याला बघायचं असं मी हिच्यापुढं लिहून ठेवलंय. आता कोण बघतंय?"

"माहेरी हाय की आता," लोणीची ताई म्हणाली.

"माहेर कुठलं?"

"पळसदेव."

पळसदेवची ताई मागे भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती. तोंडाची तिखट, कामाला वाघीण. तिने वही काढली, बोट थुंकीला लावून पाने उलटली आणि मान हलवली. तिच्याकडे ते नाव नव्हते. का नाही, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

"लेक हाय ती, गुरुजी. तुमीच सांगितलं, सुनाच लिहायच्या. परवा मी तिला पाण्यावर बघितली. तोंड सुजल्यागत दिसलं. इचारावं असं मनात आलं, पर म्हटलं लोणीची बाई बघत आसंल."

लोणीच्या बाईने पदर तोंडाशी नेला. तिला वाटत होते पळसदेवची बघत असेल. म्हणजे ती मुलगी महिनाभर दोन वह्यांच्या मधल्या जागेत होती, आणि ती जागा मी माझ्या हाताने, पट्टी धरून आखली होती.

मला ओळखणारे लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. वर्गातील दंग्याने माझा पाठ कधी थांबला नाही. परंतु त्या क्षणी मला बसवेना. बाकीच्या वह्या तशाच उघड्या टाकून मी उठलो. संस्थेची जीप लसीकरणाला गेली होती, ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. सिस्टर, पळसदेवची ताई आणि मी असे तिघे एस.टी. स्थानकावर गेलो. लोणीच्या ताईला मी तिच्या गावी पिटाळले. मुलीच्या सासूला घडले ते सांग आणि जमेल तशी पळसदेवला घेऊन ये, एवढेच तिला सांगितले.

भिगवणची गाडी लागायला अवकाश होता. मी फलाटावर येरझारा घालत जप करू लागलो आणि तिसऱ्यांदा संख्या चुकल्यावर सोडून दिला. सिस्टर बाकावर बसून होत्या. महिन्याभरात काय होऊ शकते असे मी त्यांना विचारले. काहीच होणार नाही असेही असते, त्या म्हणाल्या. पण रक्तदाब फार चढला तर बाईला झटके येतात, आणि मग आई आणि बाळ, दोघांचाही भरवसा देता येत नाही.

भिगवणला उतरून वडापची जीप धरली. ती भरल्याशिवाय निघेना. तिघांच्या जागी पाचजण बसले, तरी चालक आणखी एका प्रवाशासाठी रस्त्याकडे डोळे लावून उभा. शेवटी आमच्या ताईने खिडकीतून डोके बाहेर काढून त्याला विचारले, की तुझी बायको अडली असती तर बी सीट भरायची वाट बघितली असतीस का. जीप निघाली. उजनी धरणाचे पाणी उतरले होते आणि पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर आले होते. एरवी मी तेथे थांबून काठापर्यंत चालत जातो. त्या दिवशी चालत्या गाडीतूनच हात जोडले.

मुलीचे वडील हयात नव्हते. घरचे कर्ते म्हणजे तिचे चुलते, गावचे तात्या. त्यांच्या वडिलांपर्यंत या घरात मेंढरे होती; आता पाण्याकाठी ऊस उभा होता. आम्हांला पाहून त्यांनी बाजेवर घोंगडी टाकली, चहा सांगितला. मी गुळाचा खडासुद्धा तोंडात टाकला नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. मुलीला पाहायला आलो आहोत, असे मी सांगितले.

"तिला काय झालंय?" तात्या म्हणाले. "पहिलटकरणीचं पाय सुजत्यातच. आमी मेंढरं पाळणारी माणसं, सिस्टर. गाभण जीव आमाला नुसता बघून कळतो."

"मेंढीचं बी.पी. कधी बघितलंय का, तात्या?" सिस्टर म्हणाल्या आणि यंत्र घेऊन आत गेल्या.

मी दाराशी उभा राहिलो. आत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला फडके घट्ट आवळून बांधले होते. दोन दिवस डोके दुखत होते म्हणे. तिच्या आईने सुंठ उगाळून लावली होती. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा पाहिला. मग पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिला. वर्गात मी मुलांचे चेहरे वाचत आलो आहे. त्यांचा चेहरा मला वाचता आला. बाहेर येऊन त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की आजच, आत्ताच इंदापूरच्या दवाखान्यात हलवायला हवे.

तात्या म्हणाले, "लेक आमची हाय, पर माणूस त्यांचं हाय. सासरला इचारल्याबिगर दवाखान्यात कशी घालू? उद्या काय बरंवाईट झालं तर म्हणतील, दिली तवा धड व्हती."

हे तर माझेच म्हणणे होते. मी ते वहीत आखले होते आणि तात्या ते आपल्या अंगणात उभे राहून बोलत होते, एवढाच फरक. मी त्यांना समजावण्याचे सोडून दिले आणि सारे खरे सांगितले. वही कशी केली, लोणीची ताई काय समजली, पळसदेवची काय समजली, आणि महिनाभर तुमच्या मुलीला कोणीच का तपासले नाही. मुलीची आई दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली.

"म्हंजी आमची लेक कुणाच्याच वहीत न्हवती व्हय, गुरुजी?"

"नव्हती," मी म्हणालो. "ती चूक माझी आहे. सासरी मी स्वतः सांगेन. दोष आला तर तो माझ्या नावावर घ्या. पण आता तिला थांबवू नका."

तात्यांनी आभाळाकडे पाहिले. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे, ज्यात पंचांग असते हे सर्वांस ठाऊक होते. "आज दिस कसा हाय?" त्यांनी विचारले.

ती रिक्ता तिथी होती. प्रस्थानाला मी ती कोणालाही दिली नसती. सकाळी संकल्पाच्या वेळीच मी ती पाहिली होती. "दिवस मी पाहिला आहे, तात्या. निघू या," मी म्हणालो. मी दिवस पाहिला होता हे खरे होते. त्यात काय दिसले ते मी सांगितले नाही. या अर्धसत्याबद्दल देवाकडे मी पुढे क्षमा मागितली आहे, पण ते शब्द परत घ्यावेत असे मला कधी वाटले नाही.

तरीही तात्या हलले नसते, असे मला वाटते. आतून आवाज आला. आजवर त्या मुलीला आमच्यापैकी कोणीच काही विचारले नव्हते. ती भिंत धरून उभी राहिली होती.

"तात्या, मला न्या. डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात. मला तुमी नीट दिसंना."

तात्या चप्पल पायात घालून धावत गेले आणि मासळी वाहणारा एक टेम्पो घेऊन आले. मागची फळी धुतली, गादी टाकली. तात्या पुढे चालकाशेजारी बसले; मुलगी, तिची आई, सिस्टर, ताई आणि मी मागे बसलो. बर्फाचे पाणी फटींतून गळत होते आणि वास काय असायचा तोच होता. मी सोवळ्या घरातला माणूस. आमच्या ताईने माझ्याकडे पाहिले आणि इतक्या ताणातही तिला राहवले नाही. "गुरुजी, आज घरी आंघोळ दोनदा करावी लागंल." मुलीच्या ओठांवर किंचित हसू आले. त्या हसूसाठी मी दहादा स्नान केले असते.

सिस्टरांनी रुमालात गुंडाळलेला एक चमचा मुठीत धरला होता. कशासाठी, असे मी विचारले नाही. झटका आला तर दातांत धरायला, हे आता मला कळत होते. इंदापूर येईपर्यंत मी त्या चमच्याकडे आणि त्या मुलीच्या बोटांकडे आळीपाळीने पाहत होतो. बोट जरा हलले की मी सिस्टरांकडे पाही. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून मी देवाला जे आळवले ते कोणत्याही स्तोत्रातले नव्हते. मी एवढेच म्हणत होतो, की माझ्या वहीची शिक्षा हिला देऊ नकोस.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तत्काळ आत घेतले, सुई दिली, अंधार करून निजवले. आठवा संपत आला आहे, त्या म्हणाल्या. उद्या सकाळपर्यंत दाब उतरतो का पाहू, नाहीतर बाळ लवकर बाहेर काढावे लागेल. तिथे माझा काही उपयोग नव्हता, आणि सासरी सांगण्याचे वचन मी देऊन चुकलो होतो. मुलीचा नवरा वालचंदनगरला कारखान्यात नोकरीला होता आणि चार सोबत्यांबरोबर खोली करून राहत होता. इंदापूरहून परतीच्या वाटेवर मी तेथे उतरलो. दिवस मावळत होता. तो नुकताच पाळीवरून आला होता आणि ओट्यावर बसून भाजी निवडत होता. मला पाहून उठला, पाया पडला. बायकोची चौकशी केली, तेव्हा निवांतपणे म्हणाला, "ती माहेरी हाय, गुरुजी. तितं तिला काळजी न्हाय."

मी सांगितले. त्याच्या हातातली भाजी खाली पडली. सदरा चढवायचा म्हणून तो उलटा घालून माझ्यापुढेच रस्त्याकडे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपती घेतली आणि पहिल्या गाडीने इंदापूरला पोहोचलो. लोणीची ताई आदल्या दिवशी वेळेत गावी पोहोचू शकली नव्हती. ती सासूला घेऊन पळसदेवला गेली आणि तिथे कळल्यावर दवाखान्यात नुकतीच पोहोचली होती. दाब उतरला नव्हता. कळा आणण्याचे औषध सुरू झाले होते आणि व्हरांड्यात भांडण सुरू झाले होते.

"एवढं झालं आन् आमाला सांगायचं न्हाय व्हय?" सासू तात्यांना म्हणत होती. "आमची सून हाय ती."

"सून हाय ना? मग तिचं पाय सुजल्यालं तुमाला माहीत व्हतं, ते आमाला का नाय सांगितलं?"

मी मध्ये पडायला गेलो, तर दोघांनीही मला बाजूला केले. शेवटी सिस्टर बाहेर आल्या. "भांडा," त्या म्हणाल्या. "पण तिकडं, झाडाखाली. ती आतून ऐकतेय." दोघे झाडाखाली गेले खरे, परंतु तिथे जाऊन भांडले नाहीत. सासूने पिशवीतून भाकरी काढली आणि अर्धी मोडून तात्यांपुढे धरली. कालपासून ते उपाशी होते.

दुपार सरता सरेना. मी व्हरांड्याच्या फरशा मोजल्या, पुन्हा मोजल्या. नवरा भिंतीला डोके लावून उभा होता. एकदा आतून पळापळ ऐकू आली, दार उघडले, बंद झाले. पहिला टाहो यायला हवा तेव्हा आला नाही. आला तो बऱ्याच वेळाने, आणि इतका बारीक की आम्ही एकमेकांकडे पाहिले. ऐकले ते खरे का, याची कोणालाच खात्री नव्हती.

मुलगी झाली होती. ओंजळीएवढी. आईला झटका आला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, की आई वाचली आहे, बाळाचे काही दिवस सांगता येणार नाही. त्याला सतत माणसाच्या अंगाची ऊब हवी. आईच्या अंगात बसायची ताकद नव्हती. तेव्हा सिस्टरांनी दोन्ही आज्यांना हात धुवायला लावले आणि ती चिमणी आळीपाळीने त्यांच्या लुगड्यात, छातीशी बांधून दिली. एकीची पाळी संपली तरी ती बाळ द्यायला तयार नसे. "अजून ऊन हाय माझं अंग," सासू म्हणे. असे कितीतरी दिवस गेले. मी रोज जाऊन दारातून विचारीत असे आणि 'हाय' एवढे ऐकले की परत फिरत असे. पुढे ते बाळ दूध ओढू लागले, काट्यावर चढू लागले आणि आईबरोबर पळसदेवला घरी गेले. या वेळी दोन्ही वह्यांत त्याचे नाव होते.

पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी साऱ्या गावांच्या वह्यांना नवे रकाने आखले. माहेरी आलेल्या लेकी, असे त्यांवर लिहिले. बैठकीत तायांना माझी चूक सांगितली आणि क्षमा मागितली. पळसदेवची ताई म्हणाली, "म्हंजी आता लेकीबी माझ्या आन् सुनाबी माझ्या. मग मला दुसरं गावच आंदण दिलं म्हना की." सगळ्या हसल्या आणि आठवून आठवून नावे सांगू लागल्या. ही आली आहे, तिला सातवा आहे. ती येणार आहे. मी लिहीत गेलो. वहीचे पान भरले, दुसरे घेतले.

मग एका ताईने एक नाव सांगितले आणि थांबली. ती लेक माघात येऊन बाळंत झाली होती आणि सासरी परत गेली होती. बाळ नेले नव्हते. न्यायला ते राहिलेच नव्हते. कशाने, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण कोणी तपासले नव्हते आणि कोठे लिहिले नव्हते.

ते मी लिहून घेतले. त्यानंतर मी त्या लेकीच्या माहेरी गेलो, सासरी गेलो, आणि मग गावोगाव जाऊन विचारू लागलो, की आमची वही सुरू झाल्यापासून तुमच्याकडे आलेल्या कोणकोणत्या लेकी आम्ही लिहिल्या नाहीत. काही घरांनी सांगितले, काहींनी दार लोटून घेतले. अजूनही एखाद्या अंगणात पाय सुजलेली मुलगी दिसली तर माझी पावले आपोआप थांबतात आणि हिला कोण बघते आहे हे विचारल्यावाचून मला पुढे जाववत नाही. म्हातारपणी माणसाचे चित्त स्थिर व्हावे असे शास्त्र सांगते. माझे या एका बाबतीत झाले नाही, आणि ते व्हावे असे मी मागतही नाही.

हे वाचणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्या उंबऱ्याच्या आत जन्मलेल्या आणि उंबरा ओलांडून आत आलेल्या, दोघींचीही कूस सुखरूप राहो. तुमच्या घरातील बाळंतिणीला ऊब, अन्न आणि विश्रांती लाभो, तान्ह्याला दीर्घायुष्य लाभो, आणि तिची विचारपूस करणारे माणूस तुमच्या घरात सदैव जागे राहो. जगन्माता तुमच्या कुटुंबाचे मंगल करो.